सोबत काम केलेला मित्र गेल्यावर त्याची आठवण नीट कशी ठेवायची

भाई गेला त्या रात्री त्याच्या निधनाची बातमी मीच टाइप केली. पणजीतल्या एका मराठी दैनिकात आम्ही ३६ वर्षं समोरासमोर बसलो, तो प्रूफरीडर आणि मी डेस्कवर. निधनाच्या बातमीबद्दल त्याचा एक नियम होता, ती दोघांनी मिळून वाचायची, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कागदावर बोट ठेवायचं आणि नावं मोजायची. म्हणायचा, "मंत्र्याचं नाव चुकलं तर उद्या शुद्धिपत्र छापू, पण गेलेल्या माणसाच्या घरी आजचाच पेपर कापून ठेवतात." तर त्या रात्री नव्या मुलाने वाचलं, मी बोट ठेवलं, "पश्चात पत्नी, दोन मुली" असं आलं आणि पुढे नाव एकाच मुलीचं. धाकटीचं नाव माझ्याकडून सुटलं होतं, जिला लहानपणी खांद्यावर बसवून मी शिगम्याचे चित्ररथ दाखवलेत. भाईच्याच नियमाने ती चूक सापडली.

त्यानंतरच्या वर्षभरात आम्ही ऑफिसातल्या लोकांनी त्याच्यासाठी जे जे केलं त्यातलं काय जमलं आणि काय पुन्हा करणार नाही ते इथे लिहितोय, कारण ही वेळ प्रत्येक ऑफिसवर येते आणि तेव्हा कुणालाच काही सुचत नाही.

सगळ्यात आधी त्याची वाक्यं उतरवून काढा, आणि हे पहिल्या दहा-बारा दिवसांतच करा. हजरजबाबी माणसाचं सगळं त्याच्या शब्दात असतं, आणि शब्दच आधी जातात हो. महिन्याभराने आपल्याला "तो काहीतरी भारी बोलला होता" एवढंच आठवतं, काय बोलला ते नाही. आम्ही एक साधी वही टेबलावर ठेवली, ज्याला जे आठवेल ते त्याने लिहायचं, खाली आपलं नाव लिहायचं. एकच अट घातली, विशेषणं नकोत. हसतमुख, मनमिळाऊ, दिलदार हे शब्द आम्ही रोज दहा जणांसाठी छापतो. त्याऐवजी काय झालं ते लिहा. एकदा एका बातमीत "पुलाचे उद्घाटन" ऐवजी "पुलावाचे उद्घाटन" पडलं होतं, भाईने लाल पेनाने त्यातला जादा 'वा' खोडला आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, "मला एक प्लेट, रायतं वेगळं." ती गॅली, म्हणजे प्रुफाचा कागद, अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. एवढं सांगितलं की तो मिश्किल होता हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत लिहा. भाई लिहायचा शुद्ध मराठीत पण त्याचा विनोद कोकणीतून यायचा. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, साहेब चिडले, तेव्हा हा मान वर न करता म्हणाला, "आयतार न्हय साहेबा आज? ताकाय सुटी जाय." आता ह्याचं मराठी करत बसलात तर सगळी गंमत जाईल. गोव्यात आपण दोन्हीत वावरतो, वाचणाऱ्याला कळतं.

गोष्टी गोळा करताना एक अडचण येतेच, तारखा आणि क्रम. एक म्हणतो हे ९० साली झालं, दुसरा म्हणतो छे, त्याच्या बरंच आधी. तेव्हा साल विचारूच नका, गोव्याच्या खुणा विचारा. पणजीचा मांडवी नदीवरचा पूल पडला त्याच्या आधी की नंतर? (तो ५ जुलै १९८६ला कोसळला.) घटक राज्य झालं होतं का? ते ३० मे १९८७. कोकण रेल्वे सुरू झाली होती का, म्हणजे १९९८च्या सुमारास? इफ्फी हा चित्रपट महोत्सव पहिल्यांदा गोव्यात आला ते वर्ष, २००४? मांडवीवरच्या अटल सेतूवरून गाड्या सुटल्या ते २०१९? माणसाला आकडा आठवत नाही पण पावसात नदीपलीकडच्या बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीला उभं राहिलेलं आठवतं. भाईची आणि माझी ओळखच त्या फेरीतली. पूल नव्हता, रात्री पान छपाईला सुटायला उशीर व्हायचा, आम्ही दोघं धक्क्यावर एका छत्रीत, आणि तो मला पहिल्याच आठवड्यात म्हणाला की तू जाहिराती सोडून बाकी सगळं वाचतोस, चुका जाहिरातीत असतात. हे १९८७च्या सुमाराचं असणार, कारण जुना पूल पडला होता आणि नवा व्हायला पुढे काही वर्षं गेली.

दुसरी अडचण जरा नाजूक. गंमतीदार माणूस गेला की गावातले सगळे जुने विनोद त्याच्या नावावर जमा होतात. आमच्या वहीत असे तीन-चार आले, एक तर मी शाळेत असताना ऐकलेला. आम्ही ठरवलं की जो प्रसंग निदान दोघांना आठवतो तोच ठेवायचा, बाकीच्यापुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचा एकेक काना-मात्रा तपासला त्याच्याबद्दल आपण ऐकीव लिहायचं हे मला पटत नाही.

आता फोनचं. आवाज सगळ्यात मोलाचा, आणि तोच आपण हरवतो. भाईचे व्हॉइस मेसेज आमच्या प्रत्येकाच्या व्हॉट्सअॅपमध्ये होते, बहुतेक "चहा सांगितलाय, या" एवढेच. ते वेगळे सेव्ह करा, मेसेज दाबून धरला की शेअर करून ड्राइव्हवर किंवा मेलवर टाकता येतो, फाइल ओपस नावाच्या फॉर्मॅटमध्ये असते, ती नीट वाजते. आख्खं चॅट एक्सपोर्ट करता येतं, पण फोटो-आवाजासकट केलं तर साधारण शेवटचे १०,००० मेसेजच येतात, म्हणून महत्त्वाचं ते हाताने काढा. त्याचं खातं वापरात नसेल तर १२० दिवसांनी व्हॉट्सअॅप ते सहसा काढून टाकतं, आणि बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते. घरच्यांना हे आधीच सांगा, म्हणजे सिम बंद करायची घाई होणार नाही, बँकेचे ओटीपीही त्याच नंबरवर येत असतात. फेसबुकचं खातं 'रिमेम्बरिंग', म्हणजे स्मृतीखातं, करून घेता येतं, पण ते करायचं की नाही हे घरच्यांनी ठरवायचं, आपण नाही.

घरी जाण्याबद्दल. पहिल्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं, तिथे भाषण नको, दहा मिनिटं बसा आणि कामाचं विचारा. वहिनींना तेव्हा लागत होता तो कागदपत्रांचा माणूस. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत पंचायतीत किंवा पालिकेत व्हायला हवी, दाखल्याच्या दहा तरी प्रती काढून ठेवा, प्रत्येक जण मागतो. नोकरीत असताना गेला असेल तर पीएफसाठी फॉर्म २०, फॅमिली पेन्शनसाठी १०-डी आणि विम्यासाठी ५-आयएफ. हा विमा पुष्कळांना माहीतच नसतो, ईडीएलआय म्हणतात त्याला, पीएफसोबत आपोआप असतो आणि २०२१ पासून त्याची कमाल रक्कम ७ लाख आहे. ग्रॅच्युइटीला एरवी लागणारी पाच वर्षांची अट मृत्यूच्या बाबतीत नसते, कुणी तसं सांगितलं तर ऐकू नका. शिवाय गोव्याचा कायदा वेगळा, इथे लग्नानंतर सहसा मालमत्ता समाईक धरतात आणि निम्मा हिस्सा बायकोचाच असतो, वारसांसाठी सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण ते सांगणारा दस्त, करावी लागते, त्याला ओळखीचे साक्षीदार लागतात. तिथे जाऊन उभं राहणं हे सहकाऱ्याचं काम. माझ्या मते शोकसभेत दहा मिनिटं बोलण्यापेक्षा रजिस्ट्रारच्या ऑफिसात अर्धा दिवस बसलेला माणूस घरच्यांना जास्त जवळचा वाटतो.

शोकसभा घ्यायचीच तर तेरावा झाल्यावर घ्या, म्हणजे घरच्यांना येता येईल. वेळ त्याच्या लोकांना जमेल अशी ठेवा. वर्तमानपत्राची माणसं संध्याकाळी कामाला जुंपलेली, म्हणून आम्ही सकाळी अकराला घेतली, हॉल घेतला नाही, ऑफिसातलीच टेबलं सरकवली. व्यासपीठ नाही. पहिलं बोलायला संपादकांना न बोलावता चहावाल्या मुलाला बोलावलं, कारण भाईचा दिवस त्याच्यापासून सुरू व्हायचा, मग छपाई मशीनवरचे, मग जुने कंपोझिटर, जे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या काळापासून त्याला ओळखत होते आणि ज्यांना डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आल्यावर त्याने स्वतः शेजारी बसून कीबोर्ड शिकवला. प्रत्येकाला एक प्रसंग, तीन-चार मिनिटं. फोटो निवडताना ओळखपत्रावरचा मोठा करू नका, आमच्याकडे पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेला उंडो पाव हातात धरून हसतानाचा होता तोच लावला.

लोक हसतील. हसू द्या, पण घरच्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा की असं होणार आहे. मी वहिनींना विचारलं, कुठली गोष्ट नको का? त्यांनी एकच सांगितली, ती आम्ही सभेत सांगितली नाही. आणि मग पुलावाची गोष्ट झाली तेव्हा पहिल्या त्याच हसल्या, आणि लगेच पदर डोळ्याला लावला, आणि कुणीही मध्ये बोललं नाही. ते मला बरं वाटलं, की कुणी सावरायला धावलं नाही. शेवटी भाजी-पाव आणि चहा, तो सगळ्यांना खिलवायचा तेच.

त्याच्या दिलदारपणाचं काय करायचं हा खरा अवघड भाग. दीड महिन्याने वहिनींना कपाटात एक छोटी डायरी मिळाली, तिच्यात नावं नव्हती, नुसती आद्याक्षरं आणि आकडे. ५००, २०००, एका ठिकाणी १५,००० आणि पुढे "कॉलेज फी". त्या मला म्हणाल्या, ह्याचं काय करू? मी म्हटलं काही करू नका, कुणाला विचारू पण नका. ज्याला ठाऊक आहे तो येईल. दोघे-तिघे आले, पाकिटात पैसे ठेवून गेले आणि कशासाठी घेतले होते ते वहिनींना बसून सांगून गेले, आणि मला वाटतं पैशापेक्षा ते सांगणं जास्त कामाचं होतं. आलेच नाहीत त्यांची चर्चा आम्ही केली नाही. कुणाला मदत केली हे शोकसभेत नाव घेऊन सांगू नका, चांगल्या हेतूने पण नको. त्याने जे गुपचूप केलं ते उघड करायचा हक्क फक्त घेणाऱ्याचा. तुमच्यावर त्याचं काही असेल तर मात्र वर्ष उलटायच्या आत जा.

त्याच्या नावाने पुरस्कार सुरू करायचा हा विचार सगळीकडे निघतो, आमच्याकडेही निघाला. मी विरोध केला. पैसे जमवणं, समिती, शाल-श्रीफळ, आणि जमवणारे रिटायर झाले की बंद. त्याऐवजी तो जे करत होता त्यातलं एखादं काम उचला. भाई दरवर्षी दोन शाळांच्या वार्षिक अंकाची प्रुफं फुकट तपासून द्यायचा, आता आम्ही तिघं वाटून घेतो. चौथी-पाचवीतल्या मुलांच्या कविता असतात. तो मुलांच्या चुका दुरुस्त करायचा पण एखादा गमतीशीर चुकीचा शब्द असेल तर समोर "राहू दे" लिहायचा. आम्हीही राहू देतो.

तो होता तसाच लिहा, रुसवे-फुगव्यांसकट. भाई स्वल्पविरामावरून भांडायचा, दोन-दोन दिवस बोलायचा नाही, नव्या मुलांना कधी कधी रडवायचा. हे आम्ही वहीत ठेवलं. रडलेल्या मुलीनेच ते लिहिलं, आणि पुढे हेही लिहिलं की संध्याकाळी तो तिच्यासाठी गाड्यावरून रस ऑमलेट घेऊन आला आणि म्हणाला, स्वल्पविराम तुझाच बरोबर होता.

त्याच्या खुर्चीबद्दल फार अडू नका. कुणीतरी बसेलच, बसायलाच हवं. फक्त नव्या माणसाला ती कुणाची होती ते सांगा आणि निधनाच्या बातमीचा नियम शिकवा.

शेवटचं, चवथीबद्दल. पहिलं वर्ष सुतकाचं, तेव्हा सगळ्यांचं लक्ष असतं, फोन येतात. दुसऱ्या वर्षी कुणी नसतं, आणि घरात गणपती तर आणायचा असतो. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधायचं काम भाईचं होतं, तो उंच, स्टूल लागायचं नाही. ह्या वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी मी आणि तो नवा मुलगा दुपारीच गेलो, डिचोलीच्या बाजारातून सुपारीची शिंपटी, चिबूड, आंबाडे, कांगलां घेऊन. वहिनी खालून एकेक वस्तू देत होत्या आणि कुठे काय बांधायचं ते धाकटी सांगत होती, तिला सगळं पाठ होतं. नारळ मधोमध नाही काका, जरा डावीकडे, बाबा तसाच बांधायचा. मी डावीकडे सरकवला.