ड्रायर लावण्याआधी प्रेस बघा

तारापूर एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्याच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर, ट्रेनी म्हणून लागलो, तेव्हा वाटलं होतं की काम पाण्याचं आहे. महिनाभरात कळलं, अर्धा दिवस गाळातच जातो. आमचा गाळ घातक कचऱ्यात मोडणारा. तो 90 दिवसांच्या आत हलवायचा आणि तळोज्याच्या घातक कचरा विल्हेवाट केंद्राला पाठवताना पैसे टनावर मोजायचे. म्हणजे गाळात राहिलेल्या पाण्याचंही भाडं आपणच भरायचं.

एकदा वहीत हिशोब मांडा. फिल्टर प्रेसमध्ये गाळ कापडातून दाबून पाणी काढलं की उरतो तो केक. 100 किलो केकमध्ये 75 टक्के पाणी असेल, तर कोरडा माल 25 किलोच. ड्रायरमध्ये ओलावा 20 टक्क्यांवर आणला की उरतात साधारण 31 किलो. पण उडवलेल्या प्रत्येक किलो पाण्याला निदान 540 किलोकॅलरी लागतात, वर गळती वेगळी. तेच प्रेसमध्ये ओलावा 75 वरून 65 वर आला, तर 100 चे 71 किलो होतात, तेही वाफेशिवाय. म्हणून आधी प्रेसचं कापड धुतलंय का आणि पॉलीचा (गाळाचे कण एकत्र आणणाऱ्या पॉलिमरचा) डोस जार टेस्ट करून, म्हणजे छोट्या भांड्यांत वेगवेगळे डोस घालून बघून, ठरवलाय का, ते बघा.

माझी फजिती पॅडल ड्रायरवर झाली, म्हणजे फिरत्या गरम पात्यांनी गाळ सुकवणाऱ्या यंत्रावर. घाईत ओला केक भराभर सोडला. गाळ अर्धवट सुकला की मोदकाच्या उकडीसारखा चिकट होतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. अँपिअरचा काटा चढत गेला आणि मोटर ट्रिप. रात्री दोनला ऑपरेटर काका म्हणाले, "साहेब, सुका माल मिसळल्याशिवाय हा पुढे सरकणार नाही." तेव्हापासून आधीचा सुका गाळ ओल्यात मिसळूनच फीड करतो. फार कोरडाही करू नका, धूळ उडते, सेंद्रिय गाळाची असेल तर पेटही घेते. ड्रायरच्या वाफेचं पाणी परत ईटीपीतच घ्यायचं, त्याला वास मारतो.

पुनर्वापराचं म्हणाल, तर सिमेंटच्या भट्टीत सेंद्रिय गाळ इंधन म्हणून जाऊ शकतो. चुन्याच्या गाळात जळण्यासारखं फारसं काही नसतं, त्यामुळे आधी उष्मांक तपासा. विटांमध्ये घालू म्हणणारे भेटतील. 2016 च्या नियमांप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीशिवाय घातक गाळ असा वापरता येत नाही.

ओलावा मोजायला नमुना 105 अंशांवर रात्रभर ठेवून सकाळी वजन करतो. काका मात्र हातमोजा घालून मूठ आवळतात आणि म्हणतात, "अजून अर्धा तास." बहुतेक वेळा आकडा त्यांच्याच बाजूने येतो.