न्यू कॅलेडोनियाचा पाऊस-वादळ अंदाज वाचताना या चुका टाळा

न्यू कॅलेडोनियात चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. तो सुरू होण्याआधी प्रशांत महासागरातल्या या फ्रेंच बेटांसाठी पावसाचा आणि वादळांचा अंदाज येतो. तो वाचताना सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘धोका कमी’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा लावणे.

एल निनोच्या वर्षी प्रशांत महासागरातले उबदार पाणी पूर्वेकडे सरकते आणि वादळेही फ्रेंच पॉलिनेशियाच्या बाजूला जास्त तयार होतात. याच्या उलट स्थितीत, म्हणजे ला निनात, ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनिया यांच्यामधल्या कोरल समुद्राचा भाग तापतो, न्यू कॅलेडोनियात पाऊसही बहुतेकदा जास्त पडतो. हा कल खरा आहे, पण तो सरासरीचा. २००२-०३ हे एल निनोचे वर्ष होते, तरी मार्च २००३ मध्ये ‘एरिका’ चक्रीवादळ कोरल समुद्रातून येऊन थेट राजधानी नूमेआवर आदळले. हंगामात वादळे किती, यावर घरादाराची सुरक्षितता ठरत नाही. आपल्या वाट्याला आलेले एकच वादळ पुरेसे असते. म्हणून छप्पर घट्ट बांधून ठेवणे, पाणी-औषधे साठवणे ही तयारी दरवर्षी तेवढीच हवी.

टक्केवारीही उलटी वाचली जाते. पावसाचे तीन गट असतात: सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका आणि जास्त. कोणताही कल नसेल तर प्रत्येकाला साधारण ३३ टक्के. ‘जास्त पाऊस ४५ टक्के’ असे लिहिले असेल, तर जास्त पाऊस न पडण्याची शक्यता अजूनही ५५ टक्के आहे! गुरांच्या चाऱ्याचे आणि साठवलेल्या पाण्याचे नियोजन करताना दुष्काळाची बाजू पुसून टाकू नका.

शिवाय हा आकडा बहुधा तीन महिन्यांच्या बेरजेचा असतो. बेरीज सरासरीइतकी राहूनही एका रात्रीत डोंगर खचू शकतो. व्यापारी वारे अडवणाऱ्या मधल्या डोंगररांगेमुळे पूर्व किनारा पश्चिमेपेक्षा कितीतरी ओला. तिथेच, ऊआयलूमध्ये, नोव्हेंबर २०१६ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून माणसे दगावली. त्यासाठी चक्रीवादळ लागले नाही.

वादळ प्रत्यक्ष जवळ आल्यावर हंगामी अंदाज बाजूला ठेवा आणि रोजचे इशारे पाहा: पूर्वसूचना, इशारा १, इशारा २. इशारा २ लागला की घराबाहेर पडायचे नाही. वारा अचानक पडला, तर वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, डोक्यावर असू शकतो. थोड्या वेळात वारा उलट दिशेने पुन्हा सुटतो. प्रशासनाने मोकळीक जाहीर करेपर्यंत दार उघडू नका.