खोबरेल तेलात रोजचा स्वयंपाक

आधी बाटलीवर खाद्यतेल लिहिलंय का बघा, डोक्याला लावायचं सुगंधी तेल नको. घाण्याचं असेल तर गॅस मध्यमच ठेवा, मोठ्या आचेवर लवकर धुरतं. भेंडीला वगैरे चमचाभर तेलात मोहरी, कढीपत्ता, बास. खरी मजा बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे माशाच्या तिखट मालवणी कालवणात, तिरफळं (कोकणातला सुवासिक मसाला) घालून रस्सा उकळला की गॅस बंद करायचा आणि वरून चमचाभर कच्चं खोबरेल सोडून लगेच झाकण ठेवायचं, फोडणी नाहीच, वास काय सुटतो! थंडीत २४ अंशांखाली थिजतं म्हणून रुंद तोंडाची बरणी घ्या. आणि हेल्दी हेल्दी म्हणून ओतू नका हां, यात ८० टक्क्यांहून जास्त सॅच्युरेटेड फॅट असतं, कोलेस्टेरॉलवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच.