कूपरस्टाउनला जायचंय? मुलाचं बेसबॉल आणि घरच्यांची इतिहासाची सहल एकाच आठवड्यात कशी बसवायची

मुलगा बारा वर्षांचा होतो, कोच सांगतात यंदा टीम कूपरस्टाउनला जाणार, मुलगा घरभर नाचतो आणि बाकीचे एकमेकांकडे बघतात, म्हणजे आठवडाभर आपण फोल्डिंग खुर्च्यांवर उन्हात बसायचं का? आमच्याकडे त्या उन्हाळ्यात सांगलीहून सासू-सासरे आलेले, आणि धाकटी आठ वर्षांची, तिला बेसबॉलचं काडीचं प्रेम नाही. पण नीट आखणी केली तर हीच सुट्टी सगळ्यांची होते, अगदी मनापासून सांगते. आम्ही काय केलं, काय चुकलं आणि पुन्हा जायचं झालं तर काय करीन ते इथे लिहितेय.

आधी जागेबद्दल. कूपरस्टाउन न्यूयॉर्क राज्यात, आल्बनीपासून साधारण दीड तास, न्यू जर्सीहून निघालात तर चार तास धरा. गाव एवढंसं, वस्ती दोन हजारांच्या आत, पण बेसबॉलच्या थोर मंडळींच्या सन्मानाचं म्युझियम, हॉल ऑफ फेम, १९३९ पासून इथे आहे. लहान मुलांच्या स्पर्धांची मोठी ठिकाणं दोन, गावाच्या दक्षिणेला रूट २८ वर ड्रीम्स पार्क, तिथे एकाच आवारात बावीस मैदानं, आणि ओनिऑन्टाला ऑल स्टार व्हिलेज. ड्रीम्स पार्कला खेळाडू आणि कोच आठवडाभर आतच बराकीत राहतात, आपण बाहेर. हे आधी कळलं नाही तर सगळं प्लॅनिंग गडबडतं, कारण आठवडाभर मुलगा तुमच्यासोबत फिरणारच नाहीये, फिरणार ते आजी-आजोबा आणि भावंडं.

सगळ्यात आधी राहायची जागा

टीमचा आठवडा ठरला की त्याच दिवशी घर शोधायला बसा, थांबू नका. हॉल ऑफ फेममध्ये नव्या लोकांना घेण्याचा इंडक्शन सोहळा जुलैच्या शेवटी असतो, तो वीकेंड मध्ये येत असेल तर दर आणि गर्दी दोन्ही विचारू नका. हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, दुसऱ्या एखाद्या फॅमिलीबरोबर मिळून घेतलं तर परवडतं. गावात फार व्हेज मिळत नाही, म्हणून आम्ही इन्स्टंट पॉट, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पोहे, लसणाची चटणी असं सगळं नेलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी पिझ्झाला कंटाळलेल्या टीममधल्या दोन अमेरिकन आयांनी आईंकडून, म्हणजे माझ्या सासूबाईंकडून, थालीपीठ शिकून घेतलं! उरलेला किराणा आल्बनीत भरून घ्या.

आमची चूक इथेच झाली. घर बघताना मी फक्त मैल बघितले, मिनिटं नाही. डोंगरातले वळणाचे रस्ते, त्यात फोनला रेंज नाही, आणि पहिल्याच दिवशी आम्ही पोचलो तेव्हा दोन इनिंग होऊन गेल्या होत्या. मॅप आधीच फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा आणि मैदानापासून वीस मिनिटांच्या आतलंच घर घ्या.

दिवस कसा आखायचा

गेमच्या वेळा कळल्या की कागदावर उतरवा आणि मधल्या मोकळ्या जागांना गोल करा. एका गोलात एकच ठिकाण, हा नियम मोडू नका. सकाळी गेम असेल तर दुपारी म्युझियम, दुपारी गेम असेल तर सकाळी तळ्याकाठी. एका दिवशी तीन म्युझियम करायला गेलात तर संध्याकाळच्या गेमला आजोबा खुर्चीत झोपलेले असतील. आणि वीज कडाडली की खेळ थांबतो, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबतात, म्हणून दोन तासांचा गेम साडेतीन तासांचा होऊ शकतो, तेवढा वेळ मोकळा सोडाच.

गावात उन्हाळ्यात पार्किंगसाठी भटकू नका, बाहेरच्या लॉटमध्ये गाडी लावून ट्रॉलीने आत जा, धाकटीला तर ती ट्रॉलीच सगळ्यात आवडली.

काय बघायचं, आणि कुठल्या क्रमाने

मेन स्ट्रीटवरून खाली तळ्याकडे चालत गेलात की काठाजवळ पाण्यात एक मोठा दगड दिसतो, कौन्सिल रॉक. ऑट्सीगो तळ्यातून सस्क्वेहाना नदी निघते ती इथेच. नदी पुढे केवढी मोठी होते, आणि इथे मात्र ओढ्याएवढी. १७७९ च्या उन्हाळ्यात, इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात, अमेरिकन जनरल जेम्स क्लिंटनने याच तोंडावर बांध घातला, तळ्याचं पाणी चढू दिलं आणि ऑगस्टमध्ये बांध फोडून त्या लोंढ्यावर दोनशेहून जास्त नावा खाली सोडल्या. ती फौज गेली ती इंग्रजांची बाजू घेतलेल्या इरोक्वॉय या मूळनिवासी लोकांची गावं जाळायला, चाळीसच्या आसपास गावं आणि उभी पिकं त्या मोहिमेत जाळली गेली. हे मुलांना गाळून सांगू नका. माझे सासरे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात पाय सोडून बसले होते, सन ऐकलं आणि म्हणाले, "अगं, त्याच साली जानेवारीत महादजींनी वडगावला इंग्रजांना कोंडलं होतं की!" मग काय, नातीला दगडावर बसवून अर्धा तास वडगावची लढाई. ती मोठमोठ्याने विचारत होती, म्हणजे इंग्रज एकाच वेळी दोन ठिकाणी भांडत होते? हो, भांडत होते.

दुसरं ठिकाण फार्मर्स म्युझियम. एकोणिसाव्या शतकातलं खेडं उभं केलंय, लोहार, छापखाना, गुरं. आईंना ते सांगलीजवळच्या त्यांच्या माहेरासारखं वाटलं. पण तिथला हुकमी एक्का म्हणजे कार्डिफ जायंट, दहा फुटांचा दगडी माणूस. १८६९ मध्ये कार्डिफ गावात विहीर खणताना तो 'सापडला', लोकांनी पैसे देऊन रांगा लावल्या, आणि नंतर कळलं की जॉर्ज हल नावाच्या माणसाने तो जिप्समचा कोरून आधीच पुरून ठेवला होता. मुलांना हे हॉल ऑफ फेमच्या आधी दाखवा, मुद्दाम आधी, कारण पुढे उपयोगी पडतं.

कारण कूपरस्टाउनची स्वतःची गोष्टही तशीच आहे. ॲबनर डबलडे नावाच्या माणसाने १८३९ मध्ये इथल्या गायरानात बेसबॉल शोधून काढला, असं बेसबॉलचा उगम शोधायला नेमलेल्या एका कमिशनने १९०७ मध्ये ठरवलं, तेही मुख्यतः एका म्हाताऱ्याच्या आठवणीवरून. डबलडे खरा माणूस, अमेरिकन यादवी युद्धात गेटिसबर्गला लढलेला जनरल, पण १८३९ मध्ये तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. पुढे स्टीफन क्लार्क नावाच्या इथल्या श्रीमंत माणसाने एका माळ्यावर सापडलेला जुना फाटका चेंडू पाच डॉलरला घेतला आणि तिथून हॉल ऑफ फेमच्या म्युझियमची कल्पना वाढली. क्लार्क घराण्याचा पैसा सिंगर शिलाई मशीनचा! आईंना हे सांगितलं तर त्यांचा चेहराच खुलला, त्यांच्या घरी अजून सिंगर आहे, पायाची.

तो चेंडू हॉल ऑफ फेममध्ये आहे, जरूर बघा. मुलांना एवढंच विचारा, हे कशावरून ठरलं? आमची धाकटी, जिला बेसबॉल नको होतं, ती त्यानंतर हॉलमध्ये घेतलेल्या प्रत्येकाच्या नावाच्या पाटीसमोर 'कशावरून' विचारत होती. जॅकी रॉबिन्सनची पाटी नीट वाचा. १९४७ मध्ये या कृष्णवर्णीय खेळाडूने तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या मेजर लीगमधली रंगाची भिंत तोडली, १९६२ ला तो हॉलमध्ये आला, पण मूळ पाटीवर फक्त खेळाचे आकडे होते, ती भिंत तोडल्याचा उल्लेख २००८ मध्ये पाटी बदलली तेव्हा आला. आणि एफा मॅन्ली शोधा, हॉलमधली एकमेव बाई, निग्रो लीगच्या, म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या स्पर्धेतल्या, टीमची मालकीण. क्रिकेटवाल्या आजोबांना आकड्यांपेक्षा या गोष्टी जास्त आवडतात.

तळ्याच्या वरच्या टोकाला ग्लिमरग्लास स्टेट पार्क, पोहायला छान, आणि तिथला हाइड हॉलचा छताचा लाकडी पूल १८२५ चा, देशातल्या टिकून असलेल्या अशा पुलांमधला सगळ्यात जुना. गवतातून चालून आलात की पोटऱ्या तपासा, इथे गोचिडी असतात आणि त्या चावून लाइम नावाचा आजार होतो.

मैदानावर

मुलं पिना, म्हणजे छोटे बिल्ले, एकमेकांशी बदलतात, प्रत्येक टीमची स्वतःची पिन असते, त्याला आईबाबांनी मध्ये पडून भाव करायला जाऊ नये, तो त्यांचा बाजार आहे. एक गोष्ट मात्र पालकांनी लक्षात ठेवायची, पिच काउंट, म्हणजे मुलाने किती चेंडू टाकले. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ पिचेसची मर्यादा सांगितलेली आहे, आणि ६६ च्या वर टाकले तर चार दिवस विश्रांती. आठवडाभर गेम असले की उत्साहात हे विसरलं जातं. मी वहीत रेघा मारत होते. कोचला एकदा बाजूला घेऊन शांतपणे वही दाखवली, त्यांनी ऐकलं. कुणी नाही ऐकलं तर तुमचं मूल तुम्ही थांबवा, कोपर त्याचं आहे.

शेवटचा दिवस मुलाचा

स्पर्धा संपली की सगळे घाईने परत निघतात, तसं करू नका. आठवडाभर बराकीत राहिलेल्या पोराने अजून गाव बघितलेलंच नसतं. पहिली रात्र त्याला झोपू दे, सकाळी म्युझियम उघडताना जा, पाट्यांचं दालन त्याला एकट्याला बघू दे, आणि मग मागच्या बागेत न्या. तिथे जॉनी पोद्रेस पिच करतोय आणि रॉय कॅम्पनेला झेलायला बसलाय असे दोन पुतळे आहेत, मधलं अंतर मोठ्यांच्या खेळाएवढंच, साठ फूट सहा इंच. आमचा पोद्रेसशेजारी उभा राहिला, हात वर घेतला, कॅम्पनेलाकडे बघितलं, हात खाली घेतला आणि पावलं मोजत चालत गेला, परत आला, परत मोजलं. "आई, हे केवढं लांब आहे." धाकटी कॅम्पनेलाच्या पुतळ्याच्या मिटजवळ (झेलायच्या ग्लव्हजवळ) बसून म्हणाली, टाक ना दादा.

मग गावातल्या डबलडे फील्ड या मैदानाच्या स्टँडमध्ये बसून आम्ही उरलेल्या चकल्या खाल्ल्या, आणि डबलडे तेव्हा वेस्ट पॉइंटला होता हे तिने दादाला सांगितलं. घर बुक करताना ही एक रात्र जास्तीची धरा, नंतर वाढवून मिळत नाही.