नेटवर्कवरील कॅमेरे आणि रेकॉर्डर : या चुका टाळा

मोबाइलवर चित्र दिसू लागले की काम संपले, असे नवशिके तंत्रज्ञ मानतात आणि पुढच्या बहुतेक चुका याच घाईतून होतात.

त्यांतली सर्वांत घातक चूक म्हणजे बाहेरून चित्र पाहता यावे म्हणून कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा रेकॉर्डर थेट इंटरनेटवर उघडा करणे. एका कार्यालयात इंटरनेट वारंवार मंदावत असे. तेथील तंत्रज्ञ रेकॉर्डर रीस्टार्ट करी, थोडा वेळ सुरळीत जाई आणि मग पुन्हा तोच प्रकार सुरू होई. राउटरच्या नोंदी तपासल्या तेव्हा रेकॉर्डरच अनोळखी पत्त्यांच्या 23 क्रमांकाच्या पोर्टवर (नेटवर्कवरील क्रमांकित दारावर), म्हणजे दुरून आज्ञा देऊन उपकरण चालवण्याच्या टेलनेट या जुन्या सोयीच्या पोर्टवर, सतत धडका देत असल्याचे आढळले. एकेक पोर्ट जुळवण्याचा कंटाळा म्हणून कोणीतरी तो राउटरच्या डीएमझेडमध्ये, म्हणजे बाहेरून येणारी सगळी जोडणी थेट ज्याच्याकडे जाते त्या जागी, टाकला होता. वेब पानाचा पासवर्ड बदललेला होता, पण टेलनेटचा पासवर्ड वेगळा असून तो कारखान्यातून आला तसाच होता. 2016 मध्ये धुमाकूळ घालणाऱ्या मिराई या मालवेअरची, म्हणजे घातक सॉफ्टवेअरची, रीत हीच होती : असे साठेक ठरावीक नाव-पासवर्ड वापरून आत शिरायचे आणि केवळ मेमरीत राहायचे. त्यामुळे रीस्टार्टने ते पुसले जाते. मात्र वाट मोकळीच असल्याने काही मिनिटांत पुन्हा लागण होऊ शकते.

आम्ही आधी नेटवर्कची केबल काढली, मग रीस्टार्ट केले, राउटरवरील डीएमझेड आणि यूपीएनपी (उपकरणांना राउटरवरील पोर्ट आपोआप उघडू देणारी सोय) दोन्ही बंद केले, टेलनेट बंद करणारे फर्मवेअर (उपकरणातील मूळ सॉफ्टवेअर) लॅपटॉपवरून चढवले आणि त्यानंतरच केबल जोडली. हा क्रम मी कधीही बदलत नाही. बाहेरून पाहण्यासाठी राउटरवर व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी कूटबद्ध खासगी वाट) लावावे. त्याला वेळ अधिक लागतो, पण तेवढा धीर नसणाऱ्याने हे काम हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पोर्टचा क्रमांक बदलून लपता येते, ही समजूतही सोडावी, कारण उघडे पोर्ट शोधणारे स्कॅनर प्रोग्रॅम सगळेच पोर्ट तपासू शकतात.

हिशेबाचे संगणक आणि कॅमेरे एकाच नेटवर्कवर ठेवू नयेत. कॅमेऱ्यांना वेगळे व्हीलॅन (त्याच जोडण्यांवरचे वेगळे आभासी नेटवर्क) द्यावे आणि तेथून इंटरनेटकडे जाणारी वाट मी तरी बंदच ठेवतो.

चित्र पाहणाऱ्या प्रत्येकाला ॲडमिनचा पासवर्ड देऊ नये. फक्त पाहण्यापुरते वेगळे खाते उघडावे.

निर्मात्याने फर्मवेअर देणे थांबवलेला कॅमेरा बदलावा, आणि जुना देऊन टाकण्यापूर्वी फॅक्टरी रीसेट करून त्यातील मेमरी कार्ड काढून घ्यावे.