डेक झुलतो, पण दोष फळीचा नसतो : या चुका टाळा

गुहागर, दिवेआगर, तारकर्लीसारख्या किनाऱ्यालगतच्या गावांत पडवीपुढे लाकडी डेक बांधण्याची हौस आता बरीच रुजली आहे. मात्र अनेकदा आधी मनाजोगती फळी विकत घेतली जाते आणि तिच्याखालच्या कड्या, म्हणजे फळीला आधार देणारे आडवे वासे, उरल्यासुरल्या लाकडातून, नजरेच्या अंदाजाने बसवल्या जातात. पुढे डेक झुलू लागला की बोल फळीला लागतो.

वास्तविक कड्यांचे अंतर फळीच्या जाडीवरून ठरते. एक इंच जाडीच्या फळीसाठी ते १६ इंचांपेक्षा अधिक नसावे. दीड इंच जाडीच्या मजबूत फळीला २४ इंच चालू शकते. हे अंतर एका कडीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत मोजायचे असते; मधली मोकळी जागा मोजली, तर दोन इंच रुंदीच्या कड्यांत तेच अंतर नकळत १८ इंच होते. फळी तीच ठेवून १६ ऐवजी २४ इंच अंतर दिल्यास मध्यभागी उभ्या माणसाच्या वजनाने ती तिपटीहून अधिक वाकते. तिरप्या फळ्या दिसतात सुरेख, पण ४५ अंशांत लावल्यावर १६ इंचांचा गाळा (दोन कड्यांमधले अंतर) फळीच्या लांबीवर जवळपास साडेबावीस इंचांचा होतो. म्हणून तेथे कड्या १२ इंचांवर घ्याव्यात. डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाची) फळी लाकडापेक्षा लवचीक असते आणि उन्हाने तापल्यावर आणखी नरमते, त्यामुळे तिच्याबाबत उत्पादकाने छापलेले अंतरच प्रमाण मानावे.

आधीच झुलणाऱ्या डेकची फळी बदलण्यात पैसे घालवू नयेत. प्रत्येक गाळ्यात एक कडी वाढवावी आणि कड्या डोलत असतील तर त्यांच्यामध्ये आडवे ठोकळे घट्ट बसवावेत. दोन फळ्यांची टोके जुळतात तो सांधा कडीच्या अर्ध्या इंचावर रेटण्यापेक्षा तेथे जोडकडी, म्हणजे कडीला लागून दुसरी कडी, देणे केव्हाही चांगले.

कड्यांसाठी ऐन किंवा किंजळ, फळीसाठी सागवान घेताना गाभ्याचेच लाकूड पाहावे. सालीलगतचा फिकट भाग वाळवीला लवकर बळी पडतो. सुकलेल्या फळ्यांत पाच-सहा मिलिमीटर फट ठेवावी. आम्ही एकदा ओल्या फळ्यांनाही तेवढीच फट ठेवली आणि शिमग्यापर्यंत तिच्यात बोट जाऊ लागले. खाऱ्या वाऱ्यात साधे खिळे गंजून लाकूडही काळवंडते, तेव्हा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू वापरावेत. कडी जांभ्यावर थेट टेकवू नये. खालून वारा खेळला नाही, तर पावसाळ्यात ती खालच्या अंगाने कुजते आणि वरून पाहताना ते कळतही नाही.