एम.ए. मानसशास्त्र: प्रबंधाची तयारी पहिल्या सत्रापासून

विषय ठरवण्याआधी त्यासाठी लागणारी मानसशास्त्रीय चाचणी मिळते का ते बघा. बऱ्याच चाचण्या विकत घ्याव्या लागतात आणि प्रत्येकीची मराठी आवृत्ती नसते. नैतिकता समितीची मंजुरी हातात येईपर्यंत एकही फॉर्म भरून घेऊ नका.

नमुन्यात किती जण घ्यायचे ते अंदाजाने ठरवू नका. दोन गटांतला मध्यम फरक (०.५, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा) ८० टक्के शक्यतेने सापडायला, ०.०५ सार्थकता पातळीवर (म्हणजे नसलेला फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के धरून), दर गटात ६४ जण लागतात.

खरी गडबड गुणांकनात होते. रोझेनबर्ग आत्मसन्मान मापनीतल्या १० पैकी ५ विधानांचे गुण उलटे मोजायचे असतात. १ ते ४ गुण दिले असतील, तर या पाच विधानांचे गुण ५ मधून वजा करा. हे राहिलं की क्रोनबाख अल्फा (मापनीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) धाडकन खाली येतो, कधी ऋणही होतो, आणि दोष बिचाऱ्या मापनीला दिला जातो. मूळ आकड्यांची फाइल वेगळी ठेवा. विश्लेषणाला मोफत मिळणारं 'जामोवी' हे सॉफ्टवेअर पुरतं.

पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणं मोजणारी प्रश्नावली वापरताना विशेष जपा. नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तो त्याच दिवशी तपासा. उत्तर शून्याहून जास्त असेल तर त्या व्यक्तीशी कोण बोलणार, हे मार्गदर्शकांशी आधीच ठरवा. फॉर्म निनावी असतील तर तिच्यापर्यंत पोचताच येणार नाही, म्हणून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक फॉर्मवर छापा.